घाटाचा उतार आणि फॉर्म्युला वनची नवी नियमावली

कोल्हापूरहून निघालेली मोटार आंबा घाट उतरून साखरप्याला येते आणि तेथून देवरुखमार्गे संगमेश्वराकडे वळते, तेव्हा ती पेट्रोल किंवा डिझेलवर चालणारी असेल तर तिचे ब्रेक तापलेले असतात आणि टाकीतले इंधन, थोडे का होईना, घटलेले असते. तीच मोटार विजेवर चालणारी असेल तर मात्र घाटमाथ्यावर दिसलेल्या आकड्यापेक्षा पायथ्याशी बॅटरीचा आकडा पुष्कळदा वाढलेला दिसतो. वाटेत कोठेही चार्जिंग झालेले नसताना ही वीज आली कोठून, हा प्रश्न विजेची गाडी पहिल्यांदा घाटात नेणाऱ्या प्रत्येकाला पडतो. जगातील सर्वांत वेगवान मोटार शर्यतींपैकी एकीची, म्हणजे फॉर्म्युला वनची, 2026 पासूनची नियमावली आणि तिच्यात आणखी सुचवले जात असलेले बदल ज्या पायावर उभे आहेत, तो पाया याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

उंचावर नेलेल्या कोणत्याही वस्तूत ऊर्जा साठलेली असते. दीड हजार किलो वजनाची मोटार 100 मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे 15 लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. महावितरणच्या बिलावर जे ‘युनिट’ मोजले जाते ते 36 लाख ज्यूलचे असते, म्हणजे दर 100 मीटर उतारामागे जेमतेम 0.4 युनिट ऊर्जा हाती येण्याजोगी असते. साधा ब्रेक चकतीवर घासून ही सगळी ऊर्जा उष्णतेत घालवतो आणि म्हणूनच घाटाच्या पायथ्याशी ब्रेकचा करपट वास येतो. विजेच्या गाडीतील मोटर मात्र उलटही चालते: बॅटरीतून वीज दिली की ती चाके फिरवते, आणि चाकांनी तिला फिरवले की ती स्वतः जनरेटर होऊन वीज तयार करते व ती करताना चाकांना अडवते. या अडवण्यालाच रिजनरेटिव्ह ब्रेकिंग, म्हणजे वीज परत मिळवणारे ब्रेकिंग, म्हणतात. वाऱ्याचा विरोध, टायरचे घर्षण आणि रूपांतरातली गळती वजा जाता उरलेली ऊर्जा बॅटरीत परत येते.

शंभर वर्षांपूर्वीचा खेकडा

ही विद्या नवी नाही आणि महाराष्ट्रातील घाटांना तर ती मुळीच परकी नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1928 पासून भोर आणि थळ घाटांसाठी जी विजेची मालगाडी इंजिने आणली, त्यांत उतारावर वीज निर्माण करून ती वरच्या तारेत परत सोडण्याची सोय होती; घाट उतरणाऱ्या गाडीने तयार केलेली वीज घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येत असे. मधे जोड असलेले लांबलचक शरीर आणि चाकांना जोडणारे बाहेरचे दांडे असलेल्या या इंजिनाला रेल्वे कामगारांनी ‘खेकडा’ हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. खेकड्याला बॅटरी वाहून नेण्याची गरज नव्हती, कारण वीज घेणारी तार डोक्यावरच होती. शर्यतीच्या मोटारीला अशी तार मिळत नाही. मिळालेली वीज तिला स्वतःच्या पाठीवर, वजनाचा एकेक ग्रॅम मोजत, वागवावी लागते, आणि नव्या नियमांतील बहुतेक गुंतागुंत या एका अडचणीतून निघते.

नियम मुळात का बदलतात

फॉर्म्युला वनची नियमावली आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, म्हणजे एफआयए, तयार करतो, परंतु ती तयार होत असताना संघ, इंजिन बनवणाऱ्या कंपन्या आणि स्पर्धेचे व्यावसायिक हक्क असलेली कंपनी या सर्वांशी वाटाघाटी होतात. सुरक्षितता, खर्च, मागच्या गाडीला पुढे जाता यावे ही प्रेक्षकांची अपेक्षा आणि मोठ्या मोटार कंपन्यांनी या खेळात यावे किंवा टिकावे ही आर्थिक गरज, अशा चार ओढींमधून प्रत्येक कलम आकाराला येते. 2009 मध्ये ब्रेकिंगमधून ऊर्जा साठवणारी पहिली यंत्रणा आली तेव्हा तिची ताकद 60 किलोवॅट होती आणि एका फेरीत ती केवळ साडेसहा-पावणेसात सेकंद वापरता येत असे. 2014 मध्ये 1.6 लिटरचे, टर्बो लावलेले आणि विजेची जोड असलेले व्ही6 इंजिन आले. व्ही6 म्हणजे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात तीन-तीन अशा दोन ओळींत बसवलेले सहा सिलिंडर. टर्बो हा इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने फिरणारा पंखा असून तो इंजिनात जास्त हवा कोंबतो.

त्या इंजिनात वीज परत मिळवणारे दोन भाग होते. एक चाकांच्या बाजूने, ब्रेकिंगमधून वीज काढणारा. दुसरा टर्बोच्या दांड्याला जोडलेला, वाया जाणाऱ्या उष्ण वायूतून वीज काढणारा. दुसरा भाग अभियांत्रिकीचा थक्क करणारा नमुना होता, पण तो अतिशय महाग होता, रस्त्यावरच्या मोटारींमध्ये त्याचा उपयोग जवळजवळ शून्य होता आणि नव्या कंपनीला तो पहिल्या प्रयत्नात साधणे अवघड होते. 2022 च्या ऑगस्टमध्ये एफआयएच्या जागतिक मोटार क्रीडा परिषदेने 2026 च्या इंजिनाचे नियम मंजूर केले तेव्हा हा भाग काढून टाकण्यात आला, आणि त्याच महिन्यात ऑडीने फॉर्म्युला वनमध्ये उतरण्याची घोषणा केली. निघून जाण्याच्या बेतात असलेली होंडा परतली आणि फोर्ड रेड बुल संघाच्या सोबतीने आली. नियम कोणासाठी लिहिले जातात हे या क्रमातून स्पष्ट दिसते आणि त्यात गैर काही नाही. मात्र वाटाघाटीतून ठरलेला आकडा निसर्गनियमांना मान्य असेलच असे नाही.

निम्मी ताकद विजेची

जुन्या व्यवस्थेत पेट्रोल इंजिनाची ताकद साधारण 550 ते 560 किलोवॅट आणि विजेच्या मोटरची 120 किलोवॅट होती. नव्या नियमांनी इंजिन सुमारे 400 किलोवॅटवर आणले आणि मोटर 350 किलोवॅटवर नेली, म्हणजे विजेचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आतून एकदम निम्म्याच्या जवळ गेला. इंजिनाला मिळणाऱ्या इंधनाची मोजणीही बदलली: पूर्वी ताशी 100 किलो इंधन अशी वजनाची मर्यादा होती, आता त्या इंधनात असलेल्या ऊर्जेवर मर्यादा आहे, कारण इंधन स्वतःच बदलले आहे. ते पूर्णपणे शाश्वत स्रोतांतून यावे, म्हणजे खनिज तेलातून न येता हवेतून पकडलेला कार्बन, शहरी कचरा किंवा अन्न म्हणून न वापरले जाणारे जैविक अवशेष यांपासून बनावे, अशी अट आहे. उसाच्या पट्ट्यातील वाचकाला हे चटकन समजेल: उसाच्या रसापेक्षा त्याचे चिपाड या कल्पनेच्या जवळ जाते.

गाडीही लहान आणि हलकी झाली. किमान वजन 768 किलो, म्हणजे आधीपेक्षा सुमारे 30 किलो कमी. पुढच्या व मागच्या चाकांमधील कमाल अंतर 3,600 वरून 3,400 मिलिमीटर. रुंदी 2,000 वरून 1,900 मिलिमीटर.

मोठा नळ, लहान टाकी

या सगळ्यात कळीचा आकडा मात्र बॅटरीचा आहे. शर्यतीच्या दरम्यान बॅटरीतून कोणत्याही क्षणी वापरता येण्याजोगा साठा जास्तीत जास्त 4 मेगाज्यूल असू शकतो. एक मेगाज्यूल म्हणजे दहा लाख ज्यूल, तेव्हा हा साठा घरगुती विजेच्या हिशेबात एका युनिटपेक्षा किंचितच अधिक भरतो. घराच्या गच्चीवर लहान टाकी ठेवावी आणि तिला अग्निशमन दलाचा जाड नळ जोडावा, तशी ही रचना आहे: नळ पूर्ण सोडला की धार जोरदार येते, पण टाकी क्षणात रिकामी होते. 350 किलोवॅटने खर्च केल्यास 4 मेगाज्यूल सुमारे 11 सेकंदांत संपतात, आणि फॉर्म्युला वनची एक फेरी बहुतेक ठिकाणी सव्वा ते दीड मिनिटाची असते.

म्हणून टाकी फेरीभर पुन्हा पुन्हा भरावी लागते. नियमांनी एका फेरीत परत मिळवण्याच्या ऊर्जेची मर्यादा चाकांच्या बाजूने पूर्वी असलेल्या 2 मेगाज्यूलवरून साधारण 8.5 मेगाज्यूलपर्यंत वाढवली आहे. ही मर्यादा गाठणे सोपे नाही, हे एका वळणाचा हिशेब मांडला की कळते. चालक आणि थोडे इंधन धरून 800 किलोची गाडी ताशी 300 किलोमीटरवरून 100 वर आणली तर तिच्या गतीतील सुमारे 25 लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. फॉर्म्युला वनच्या गाडीला एवढा वेग कमी करायला साधारण दोन सेकंद लागतात, आणि 350 किलोवॅटची मोटर दोन सेकंदांत जास्तीत जास्त 7 लाख ज्यूलच गोळा करू शकते. उरलेली ऊर्जा, म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक भाग, ब्रेकच्या चकत्यांत आणि वाऱ्यात जातो. पूर्ण 8.5 मेगाज्यूल मिळवायचे तर मोटरला फेरीत जवळजवळ 24 सेकंद पूर्ण क्षमतेने जनरेटर म्हणून चालावे लागेल, आणि लांब सरळ पट्टे व मोजकी वळणे असलेल्या ट्रॅकवर एवढे ब्रेकिंग होतच नाही.

मग चालक दोन मार्ग अवलंबतात. पहिला जुनाच आहे: वळण येण्याच्या बऱ्याच आधी अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि गाडी वाहू द्यायची. दुसरा विचित्र वाटतो: सरळ पट्ट्याच्या शेवटी चालकाचा पाय अॅक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला असतानाच मोटर जनरेटर म्हणून चालवून इंजिनाच्या ताकदीतला काही भाग बॅटरीत वळवायचा. यालाच सुपर क्लिपिंग म्हणतात. इंजिन पूर्ण आवाजात ओरडत असताना गाडीचा वेग घटत जातो, आणि ज्या प्रेक्षकांनी सरळ पट्ट्याच्या टोकाला सर्वाधिक वेग पाहण्याची सवय केली आहे त्यांना हे खटकते. हा आक्षेप केवळ भावनिक नाही. पुढची गाडी अनपेक्षितपणे मंदावली आणि मागची पूर्ण वेगात असली तर दोघींच्या वेगात धोकादायक फरक पडतो.

चौकट : 2026 चे नियम एका नजरेत

इंजिन : 1.6 लिटर टर्बो व्ही6, सुमारे 400 किलोवॅट
विजेची मोटर : 350 किलोवॅट (पूर्वी 120)
बॅटरीतील वापरण्याजोगा साठा : 4 मेगाज्यूल, म्हणजे साधारण 1.1 युनिट
किमान वजन : 768 किलो
पंख : पुढचे व मागचे, दोन्ही हलते
इंधन : पूर्णपणे शाश्वत स्रोतांतून

वाऱ्याशी तडजोड

विजेचा साठा संपला की गाडीला 400 किलोवॅटवर धावावे लागते, आणि येथे वाऱ्याचा हिशेब आड येतो. वेग वाढतो तसा वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो मोडून काढायला लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी 200 वरून 300 वर गेल्यास विरोध सव्वादोन पट आणि लागणारी ताकद तीन पटींहून अधिक होते. जुन्या आकाराची गाडी नव्या इंजिनावर चालवली असती तर ती सरळ पट्ट्यावर मध्येच धापा टाकू लागली असती. म्हणून नव्या गाडीचे पुढचे आणि मागचे पंख चालत्या गाडीत हलतात. वळणावर ते उभे राहून गाडीला जमिनीकडे दाबतात, त्यामुळे टायरची पकड वाढते. सरळ पट्ट्यावर ते आडवे होतात आणि वारा सहज सरकून जातो.

याआधी 2011 पासून मागच्या पंखाची एक पट्टी उघडण्याची मुभा फक्त पाठलाग करणाऱ्या चालकाला, तीही पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत असताना, मिळत असे. आता ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यांवर सर्वच गाड्यांना पंख आडवे करता येतात, त्यामुळे पुढे जाण्यासाठी दुसरी सवलत शोधावी लागली आणि ती विजेतून देण्यात आली. एरवी ताशी 290 किलोमीटरच्या पुढे मोटरची ताकद उतरत्या क्रमाने कमी केली जाते. एका सेकंदाच्या आत पोहोचलेल्या पाठलागकर्त्याला मात्र ताशी 337 किलोमीटरपर्यंत पूर्ण 350 किलोवॅट आणि अर्धा मेगाज्यूल जादा ऊर्जा वापरता येते. पूर्वीची सवलत आपोआप फायदा देत असे, ही सवलत साठा राखून ठेवणाऱ्यालाच उपयोगी पडते, आणि या एका बाबतीत नवे नियम जुन्यांपेक्षा निश्चितच अधिक न्याय्य आहेत.

थंड इंजिन, गरम इंजिन

नियमाचा एखादा शब्द किती महत्त्वाचा ठरू शकतो हे 2025 च्या अखेरीस उद्भवलेल्या एका वादाने दाखवून दिले. सिलिंडरमध्ये हवा आणि इंधनाचे मिश्रण किती पट दाबले जाते त्या प्रमाणाला संपीडन गुणोत्तर म्हणतात. ते जितके जास्त, तितकी इंधनातून अधिक ताकद मिळते. नव्या नियमांनी त्याची कमाल मर्यादा 18 वरून 16 वर आणली, परंतु मोजणी इंजिन थंड असताना, बाहेरच्या तापमानात, करायची होती. धातू तापला की प्रसरण पावतो, हे शाळेत शिकवले जाते. थंड असताना 16 भरणारे इंजिन तापल्यावर त्यापेक्षा अधिक गुणोत्तर गाठेल अशी रचना कोणी साधली असल्याची शंका प्रतिस्पर्धी उत्पादकांनी घेतली आणि गरम इंजिनाचीही मोजणी व्हावी ही मागणी पुढे आली. अभियंत्यांनी नियमांच्या फटी शोधणे हे या खेळाचे अंगच आहे, तरी मर्यादा लिहिताना मोजणीची पद्धतही तितक्याच काळजीने लिहिली पाहिजे, हे यातून पुन्हा एकदा सिद्ध झाले.

मुंबईच्या संघाकडे असलेला अनुभव

विजेचा साठा पुरवून पुरवून वापरत शर्यत लढवणे हा फॉर्म्युला वनसाठी नवा धडा असला तरी एका मराठी महानगरातील कंपनीसाठी तो दशकभराचा सराव आहे. केवळ विजेवर चालणारी फॉर्म्युला ई स्पर्धा 13 सप्टेंबर 2014 रोजी बीजिंगमध्ये सुरू झाली तेव्हा मुंबईच्या महिंद्रा समूहाचा संघ तिच्या संस्थापक संघांपैकी एक होता आणि त्याच्या गाड्या करुण चंढोक व ब्रुनो सेना चालवत होते. 2017 च्या जूनमध्ये बर्लिनला फेलिक्स रोझेनक्विस्टने या संघाला पहिला विजय मिळवून दिला. मुंबईचा जेहान दारूवाला, ज्याने 2020 मध्ये साखीर येथे फॉर्म्युला टू या दुसऱ्या पायरीवरची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय म्हणून नाव कमावले, तोही पुढे याच संघाशी राखीव चालक म्हणून जोडला गेला. आंबा घाटाच्या पलीकडे कोल्हापुरातही कार्टिंगचा, म्हणजे लहान, उघड्या शर्यती गाड्यांचा ट्रॅक असून तेथे राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत, तेव्हा या विषयात रस असलेली तरुण मुले या भागात कमी नाहीत.

फॉर्म्युला ईची तिसऱ्या पिढीची गाडी 2023 मध्ये आली आणि तिने एक मूलभूत गोष्ट वेगळी केली. तिच्या मागच्या बाजूला 350 किलोवॅटची मोटर होती, आणि पुढच्या चाकांनाही आणखी एक मोटर जोडलेली होती, जी सुरुवातीला फक्त वीज परत मिळवण्यासाठी वापरली जात असे. दोन्ही मिळून ब्रेकिंगमधून 600 किलोवॅटपर्यंत वीज गोळा करता येत असे आणि शर्यतीत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 40 टक्के ऊर्जा अशी परत मिळवलेली असे. पुढच्या चाकांचे महत्त्व साधे आहे. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो, हे एसटीच्या दांड्याला धरून उभ्या असलेल्या प्रवाशालाही ठाऊक असते. त्यामुळे ब्रेकिंगचे बहुतेक काम पुढची चाकेच करतात आणि परत मिळवण्याजोगी बहुतेक ऊर्जाही तेथेच असते. फॉर्म्युला वनचे नियम मात्र केवळ मागच्या चाकांवरून वीज घेण्याची परवानगी देतात. चौथ्या पिढीची फॉर्म्युला ई गाडी 600 किलोवॅटची आणि कायम चारही चाके चालवणारी आहे, आणि महिंद्राने त्या पर्वासाठीही आपला सहभाग नक्की केला आहे.

सुचवलेले बदल आणि त्यांचे मोल

नवे नियम लागू होण्यापूर्वीच त्यांच्या दुरुस्तीचे प्रस्ताव सुरू झाले होते. एप्रिल 2025 मध्ये फॉर्म्युला वन आयोगापुढे अशी सूचना आली की पात्रता फेरीत 350 किलोवॅट कायम ठेवावेत, पण प्रत्यक्ष शर्यतीत मोटरची ताकद 200 किलोवॅटवर आणावी. तसे केल्यास पेट्रोल आणि विजेचे प्रमाण साधारण दोनास एक होईल, टाकी 11 ऐवजी 20 सेकंद पुरेल आणि पट्ट्याच्या शेवटी गाडी मंदावण्याचा दोष बराच घटेल. याला विरोध करणारे उत्पादक म्हणतात की निम्मी ताकद विजेची असावी या अटीवरच आपण पैसे गुंतवले, आणि ऐनवेळी आकडा बदलणे हा आपल्यावर अन्याय ठरेल. हा मुद्दा हलका मानता येणार नाही. दुसरा प्रस्ताव अधिक दूरचा आहे. एफआयएचे अध्यक्ष मोहम्मद बेन सुलायेम यांनी 2025 च्या आरंभी शाश्वत इंधनावर चालणारी, गजर करणारी व्ही10 इंजिने परत आणण्याचा विचार मांडला आणि पुढे चर्चा व्ही8 कडे, म्हणजे आठ सिलिंडरच्या हलक्या व स्वस्त इंजिनाकडे, वळली. सध्याचे नियम 2030 अखेरपर्यंत चालावेत असे ठरले आहे, त्यामुळे त्याआधी असा बदल करायचा तर उत्पादकांची संमती मिळवावी लागेल.

या दोन्ही प्रस्तावांत विजेचा वाटा कमी करून प्रश्न सोडवण्याचा कल दिसतो, आणि तो चुकीच्या टोकाकडून केलेला इलाज आहे. विजेचा वाटा निम्म्यावर नेल्यामुळे अडचण झालेली नाही. ती वीज गाडीच्या ज्या बाजूला मुबलक मिळते त्या बाजूला हात लावण्यास मनाई केल्यामुळे झालेली आहे. पुढच्या चाकांवर फक्त वीज परत मिळवणारी मोटर बसवू दिली, ती चाके चालवण्याची परवानगी नसली तरी, एकाच ब्रेकिंगमध्ये मिळणारी ऊर्जा मोठ्या प्रमाणात वाढेल, सुपर क्लिपिंगची गरज बरीच उरणार नाही आणि कोणत्याही उत्पादकाला इंजिनाच्या बाजूने नव्याने सुरुवात करावी लागणार नाही. वजन काही किलोंनी वाढेल, ही किंमत खरी आहे. ती मोजूनही पुढच्या नियमावलीत ही परवानगी आली पाहिजे.